क्वांटममध्ये जायचंय? आधी चार स्क्रू फिरवून बघा

इंदूरच्या भंवरकुव्याला कशाचं कोचिंग मिळत नाही ते सांगा. म्हणून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा रामबागेतून स्कूटर काढून आला आणि दारातच म्हणाला, "आत्या, क्वांटममध्ये जायचंय, क्लास कुठला लावू?" तेव्हा मला नवल वाटलं नाही. या गावात पोरगं दहावी झालं की पहिला प्रश्न क्लासचाच असतो. त्याला पोहे खाऊ घातले आणि दुपारी माझ्या लॅबमध्ये घेऊन गेले. क्वांटम म्हणजे अणू, प्रकाशकण अशा अतिसूक्ष्म गोष्टींच्या नियमांवर संगणक आणि मोजमापाची यंत्रं बनवण्याचं क्षेत्र. पुढे जे लिहिलंय ते त्याला सांगितलेलंच आहे, थोडं झाडून-पुसून. बी.एस्सी., बी.ई. किंवा एम.एस्सी. करणाऱ्या इंदूरच्या मराठी मुलामुलींना उपयोगी पडावं म्हणून मांडते आहे. ग्वाल्हेर-देवासवाल्यांनाही चालेल, फक्त पत्ते बदलतील.

पहिली पायरी: हात लावून बघा

भाच्याला एक काम दिलं. टेबलावर लेसर, त्याच्यापुढे दोन आरसे, मग एक लेन्स आणि शेवटी काचेच्या फायबरचं टोक. लेसरचा उजेड त्या फायबरमध्ये शिरवायचा. बस, एवढंच. फायबरचा गाभा साधारण ५ मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या पंधराव्या हिश्श्याएवढा. प्रत्येक आरशाला मागून दोन बारीक स्क्रू: एकाने किरण डावी-उजवीकडे सरकतो, दुसऱ्याने वर-खाली. चार स्क्रू आणि पलीकडच्या टोकाला पॉवर मीटर.

पहिला तासभर मीटरवर शून्य. पोरगं वैतागलं. मग त्याला युक्ती दाखवली: फायबरच्या दुसऱ्या टोकातून उलटा लाल उजेड सोडायचा आणि येणारा-जाणारा किरण दोन्ही आरशांवर एकमेकांवर बसवायचे. तसं केल्यावर मीटरचा काटा जरा हलला. त्यानंतर खरं काम. पहिल्या आरशाचा स्क्रू मुद्दाम थोडा बिघडवायचा, दुसऱ्याने सावरून घ्यायचं, आकडा आधीपेक्षा वर गेला तर त्याच दिशेने पुढे, खाली आला तर उलटं. संध्याकाळपर्यंत त्याला मिळाले ३ टक्के. दुसऱ्या दिवशी २२. चौथ्या दिवशी ५८, आणि वहीत त्याने स्वतःहून एक ओळ लिहिली: "दार उघडलं की आकडा पडतो, दोन मिनिटांनी परत येतो." बाहेरची गरम हवा आत आली की आरशाचं धातूचं बूड किंचित पसरतं. मी त्याला हे सांगितलं नव्हतं.

ही ओळ लक्षात ठेवा, ती पुढे कामाला आली.

तुमच्या ओळखीत लॅब नसेल तर काय करायचं? कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मायकेलसन इंटरफेरोमीटर असतो: एक किरण दोन वाटांनी पाठवून परत जुळवतो आणि उजेडाच्या रिंगा दाखवतो. बहुतेक मुलं रिंगा मोजून जर्नल भरतात आणि पळतात. तुम्ही थांबा. टेबलावर बोटाने टकटक करा, रिंगा कशा थरथरतात ते बघा, एका बाजूच्या किरणाजवळ हात धरून हवा गरम करा. जमल्यास सियागंजातून एलन कीचा बरा सेट आणि एक सोल्डरिंग गन घ्या आणि घरातलं बिघडलेलं काहीतरी उघडा. तीन-चार तास असं काम करून तुम्हाला आणखी करावंसं वाटत असेल तर पुढे वाचा. वाटत नसेल तरीही वाचा, कारण थिअरीची वाट वेगळी आहे, तीही सांगते.

दुसरी पायरी: गणित, पण नेमकं कुठलं

कॅल्क्युलसला घाबरून क्वांटम सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. सुरुवातीला लागतं ते लिनिअर अल्जेब्रा, म्हणजे व्हेक्टर, मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू, शिवाय काल्पनिक संख्या आणि थोडी संभाव्यता. किती लागतं ते एका उदाहरणात दाखवते.

नाणं उडवा: छापा किंवा काटा, निम्मी-निम्मी शक्यता. परत उडवा, तरी निम्मी-निम्मी. दहादा उडवलंत तरी यात फरक पडणार नाही. आता क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट घ्या, '०' अवस्थेत. त्याच्यावर हॅडमार्ड नावाची क्रिया करा. ती म्हणजे दोन ओळी, दोन रकान्यांचं मॅट्रिक्स, चारही घरांत १ भागिले २ चं वर्गमूळ, फक्त उजव्या खालच्या घरात वजा चिन्ह. एकदा लावली की मोजल्यावर '०' किंवा '१', निम्मी-निम्मी शक्यता. नाण्यासारखंच. पण न मोजता ती क्रिया दुसऱ्यांदा लावली तर? '०' च्या घरात अर्धा अधिक अर्धा, म्हणजे १. '१' च्या घरात अर्धा वजा अर्धा, म्हणजे शून्य. क्यूबिट हमखास '०' वर परत! नाण्याला हे कधीच जमणार नाही, कारण शक्यता नेहमी धन असतात, त्या एकमेकींना खाऊन टाकत नाहीत. इथे शक्यतेच्या आधी एक वजा होऊ शकणारी संख्या असते, तिला अँप्लिट्यूड म्हणतात, आणि सगळी गंमत त्या वजा चिन्हात आहे.

हे कागदावर स्वतः करून बघा, चार ओळींचं आहे. जमलं तर तुमचं गणित सुरुवातीपुरतं ठीक आहे. मग एनपीटीईएलवरचा (तिथे मोफत ऑनलाइन कोर्स असतात) क्वांटम मेकॅनिक्सचा एखादा कोर्स धरा आणि असाइनमेंट खरोखर सोडवा. व्हिडिओ दीडपट वेगाने बघून टाकण्याला मी अभ्यास म्हणत नाही.

तिसरी पायरी: फुकटातलं खरं यंत्र

२०१६ साली आयबीएमने ५ क्यूबिटचं आपलं यंत्र इंटरनेटवरून कोणालाही वापरायला खुलं केलं. तेव्हापासून घरबसल्या खऱ्या क्यूबिटवर प्रयोग करता येतो. यंत्रं मोठी झाली, पण थोडा वेळ अजून मोफत मिळतो. पायथन आणि क्विस्किट, म्हणजे आयबीएमचं क्वांटम प्रोग्रामिंगचं साधन, शिका. पायथन येत नसेल तर आधी महिनाभर तेच.

पहिला प्रयोग सगळेच करतात: दोन क्यूबिट, पहिल्यावर हॅडमार्ड, मग दोघांना जोडणारी सीनॉट (पहिला '१' असेल तरच दुसऱ्याला उलटवणारी क्रिया). तुमच्या लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरमध्ये हजारदा चालवलं तर जवळपास निम्म्या वेळा '००' आणि निम्म्या वेळा '११' येतं. यामागे एंटँगलमेंट, म्हणजे दोन्ही क्यूबिट एकमेकांत गुंतणं. आता तेच खऱ्या यंत्रावर चालवा. '०१' आणि '१०' हे बिनबुलावे पाहुणेही थोडे येतात. मुलं ते आलेख कापून सादर करतात. अहो, तेच तर बघायचंय! ते पाहुणे कुठून आले, वाचताना चूक झाली की सीनॉटमध्ये, हे शोधण्यात निम्मं क्षेत्र गुंतलं आहे.

दुसरा प्रयोग फार कोणी करत नाही, म्हणून तो करा. क्यूबिटला '१' मध्ये ठेवा, काही वेळ थांबा, मग मोजा. थांबण्याचा वेळ वाढवत न्या आणि '१' किती वेळा टिकला याचा आलेख काढा. उतरती वक्ररेषा मिळेल. सुपरकंडक्टिंग (अतिथंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या धातूच्या) क्यूबिटमध्ये हा वेळ साधारण शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात, कधी त्याहून बराच जास्त. तो आलेख स्वतः काढलेला विद्यार्थी मुलाखतीला आला की मला उगीच बरं वाटतं.

चौथी पायरी: कुठल्या कारखान्यात काम करायचं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि इथेच लोक चुकतात. वर्तमानपत्रात क्वांटम हा एकच शब्द असतो. लॅबमध्ये ते चार-पाच निरनिराळे कारखाने आहेत. प्रत्येकाचा वास, आवाज, थकवा वेगळा. बातमी बघून कारखाना निवडू नका. रोज सकाळी उठून कुठलं काम करायला आवडेल ते बघून निवडा.

सुपरकंडक्टिंग सर्किट घ्या. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं ते हाताने धरता येईल एवढ्या विद्युत सर्किटमध्ये क्वांटम वागणूक दाखवल्याबद्दल, आणि आजचे हे क्यूबिट त्याच घराण्यातले. यात क्यूबिट म्हणजे ॲल्युमिनियमचं, चिपवर कोरलेलं सर्किट, साधारण ५ गिगाहर्ट्झवर चालणारं. आता साधा हिशोब: ५ गिगाहर्ट्झच्या एका क्वांटमची, म्हणजे सर्वांत लहान पुडीची, ऊर्जा तापमानात मोजली तर जेमतेम ०.२४ केल्विन. द्रव हेलियम ४.२ केल्विनला उकळतो. म्हणजे हेलियममध्ये बुडवलेलं क्यूबिटसुद्धा उष्णतेने सतरा पट जास्त हलत राहणार, '०' आणि '१' ची सरमिसळ होणार. म्हणून डायल्युशन रेफ्रिजरेटर लागतो: हेलियमची दोन भावंडं, हेलियम-३ आणि हेलियम-४, यांच्या मिश्रणावर चालणारा, १० ते २० मिलिकेल्विनपर्यंत थंड करणारा. नमुना आत ठेवून बंद केला की थंड व्हायला दिवस-दोन दिवस लागतात. आत एक कनेक्टर सैल राहिला तर? परत गरम करा, उघडा, घट्ट करा, परत थंड. अख्खा आठवडा गेला. इथे मायक्रोवेव्ह इंजिनिअरिंग, निर्वात पंप, क्लीनरूम (धूळमुक्त खोली) आणि कमालीचा धीर लागतो. इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशनच्या मुलांनी "आमचा विषय नाही" म्हणत मागे राहू नये. इथे त्यांचं फिजिक्सवाल्यांपेक्षा जास्त काम असतं.

थंड अणूंची लॅब दिसायला सगळ्यात देखणी. रुबिडियमच्या अणूंवर ७८० नॅनोमीटरचे सहा लेसर सहा बाजूंनी मारायचे, मध्ये अणूंचा चमकता ठिपका तयार होतो, तापमान एका केल्विनच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. खोली उन्हाळ्यातली, काच उन्हाळ्यातली, आणि आतले अणू एवढे थंड. आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कामावरून ज्याचं भाकीत झालं, तो बोस-आइनस्टाइन कंडन्सेट (सगळे अणू एकाच क्वांटम अवस्थेत येतात ती स्थिती) १९९५ साली याच रुबिडियममध्ये पहिल्यांदा मिळाला. पण त्या ठिपक्याआधी निर्वात भांड्याची कथा असते. दाब हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत खाली आणावा लागतो. पंप चालू ठेवून भांडं कित्येक दिवस शंभर अंशांवर भाजायचं, म्हणजे धातूला चिकटलेलं पाणी निघून जाईल. आतल्या भागाला एकदा उघड्या बोटाचा स्पर्श झाला तर त्या तेलाचा धूर पुढे महिनोन्महिने निघत राहतो. ज्यांच्या आजी सोवळ्यात स्वयंपाक करायच्या त्यांना ही शिस्त लवकर कळते, असं माझं निरीक्षण आहे.

फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणांची, लॅब त्या मानाने स्वस्त आणि विद्यापीठाला परवडणारी. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेसर एका खास क्रिस्टलमधून पाठवला की क्वचित एका फोटॉनचे ८१० नॅनोमीटरचे दोन होतात, जुळ्या भावंडांसारखे गुंतलेले. त्यांच्यावर बेलची कसोटी लावायची: दोघांची मोजमापं किती जुळतात याचा हिशोब साध्या, नेहमीच्या समजुतीने २ च्या वर जाऊ शकत नाही, क्वांटममध्ये तो २.८३ पर्यंत जातो. अस्पे, क्लॉझर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल याच घराण्याच्या प्रयोगांसाठी मिळालं, आणि आज एम.एस्सी.च्या लॅबमध्येही हा प्रयोग बसवता येतो. क्वांटम सुरक्षित संदेशवहनाचं कामही इथलंच. मघाचा भाच्याचा फायबर इथे रोजचाच.

हिऱ्याचं सेन्सिंग, म्हणजे हिऱ्याने सूक्ष्म मोजमाप करणं, माझं लाडकं आहे, कारण त्याला थंडी लागत नाही. हिऱ्यात कार्बनच्या जागी एक नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी, असा दोष असतो. त्यावर हिरवा लेसर टाका, तो लाल चमकतो. बरोबर २.८७ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह दिले की चमक थोडी मंदावते, आलेखात खळगा पडतो. जवळ चुंबक आणला की त्या एका खळग्याचे दोन होतात, प्रत्येक खळगा एका मिलिटेस्लाला २८ मेगाहर्ट्झने सरकतो. म्हणजे चमक बघून चुंबकत्व मोजता येतं, साध्या खोलीत, टेबलावर. फ्रिजला चिकटवायचा गणपती जवळ नेला तरी आलेख हलतो. आमच्याकडे येणाऱ्या शाळेच्या मुलांना मी तोच दाखवते.

थिअरी आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं थोडक्यात: चुका दुरुस्त करणारे कोड, अल्गोरिदम, पदार्थांचं गणित. यंत्र नको, पण गणित वर सांगितलं त्याच्या दसपट हवं. कंप्युटर सायन्सच्या मुलांना हे दार सोपं वाटतं, म्हणून तिथे गर्दीही तेवढीच.

पाचवी पायरी: इंदुरातली दारं

आधी खरं सांगते. देशाच्या क्वांटम कामाची मोठी केंद्रं इंदुरात नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ₹ ६,००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंत चालणारं. त्याची चार हब: संगणनाचं बेंगळुरूच्या आयआयएससीत, संदेशवहनाचं आयआयटी मद्रासला, सेन्सिंगचं आयआयटी मुंबईत, पदार्थ आणि उपकरणांचं आयआयटी दिल्लीत. कधीतरी सामान बांधावं लागेल, हे घरी आत्तापासून सांगून ठेवा.

पण पाया इथे उत्तम घालता येतो, आणि इंदूरकरांना हेच ठाऊक नसतं. खंडवा रोडवर देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं केंद्र आहे. कमी तापमान, मोठं चुंबकीय क्षेत्र, द्रव हेलियम, असं सगळं तिथे चालतं आणि देशभरातल्या विद्यापीठांतले संशोधक प्रस्ताव पाठवून मोजमापं करायला तिथे येतात. लोक त्यासाठी गुवाहाटीहून रेल्वेने येतात आणि भंवरकुव्यावर चहा पिणाऱ्या आपल्या पोराला ते केंद्र कशाचं आहे हे माहीत नसतं! क्वांटम पदार्थ शिकायचे असतील तर यापेक्षा जवळचं दार नाही. विश्वविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभागही त्याच आवारात.

राजेंद्रनगरच्या पुढे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. जुने इंदुरी अजून कॅटच म्हणतात, २००५ मध्ये नाव बदललं तरी. (एमबीएच्या परीक्षेशी संबंध नाही, हे एका काकांना समजवायला मला अर्धा तास लागला होता.) लेसर, निर्वात तंत्र, अतिवाहक चुंबक, लेसरने अणू थंड करणं, सगळं तिथे आहे, शिवाय इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवून प्रखर प्रकाश मिळवणारी यंत्रं. पीएच.डी. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमार्फत होते. आत जायला पास लागतो, आयत्या वेळी गेटवर जाऊन काही होत नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी भेटी ठेवतात, त्यावर नजर ठेवा.

सिमरोलला आयआयटी इंदूर. २००९ साली सुरू झालेली, अजून तरुण संस्था. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सेमिनार होतात, त्यांना जा. मागच्या बाकावर बसा आणि न कळलेले शब्द वहीत लिहा. होळकर कॉलेजमधल्या मुलांना स्वतःच्या लॅबची जुनी उपकरणं जुनाट वाटतात. मला वाटतं, तेच त्यांचं भाग्य: नवीन उपकरणात सगळं खोक्याच्या आत असतं, जुन्यात तारा दिसतात.

सहावी पायरी: प्राध्यापकांना पत्र

उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या लॅबमध्ये काम करायला मिळालं तर वर्षभराच्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकाल. तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे, तिचे अर्ज आदल्या वर्षीच दिवाळीच्या आसपास निघतात, त्यामुळे मार्चमध्ये जागं होऊ नका. त्याशिवाय थेट ईमेल.

मला येणाऱ्या ईमेलपैकी बहुतेक "आदरणीय सर" ने सुरू होतात. मी बाई आहे. पुढे "आपल्या थोर संशोधनाने मी प्रभावित झालो" आणि खाली तीसेक पत्ते, सगळ्यांना एकदम पाठवलेले. असं पत्र वाचलं जात नाही.

काय करायचं ते सांगते. त्या व्यक्तीचे अलीकडचे दोन शोधनिबंध आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावरून उतरवा. तिथे सगळं मोफत असतं, १९९१ पासून. पूर्ण कळणार नाहीत. प्रस्तावना, आकृत्या आणि त्यांच्याखालचा मजकूर वाचा. मग सहा-सात ओळी लिहा: कुठे शिकता, काय येतं, कोणते दोन महिने मोकळे आहेत, आणि त्यांच्या निबंधातला एक नेमका प्रश्न. उदाहरणार्थ, तिसऱ्या आकृतीत तापमान वाढल्यावर शिखर रुंद होतं, ते नमुन्यामुळे की लेसरमुळे, हे कळलं नाही. चुकीचा प्रश्न असला तरी चालतो, वाचल्याचं दिसलं पाहिजे. सोबत एका पानाचा बायोडेटा. शाळेतल्या रांगोळी स्पर्धेचं प्रमाणपत्र नको.

भाच्याने बेंगळुरूच्या एका लॅबला लिहिलं तेव्हा मी म्हटलं, ती दाराची ओळ घाल. त्याने लिहिलं: फायबर जोडताना ५८ टक्के मिळाले, दार उघडल्यावर आकडा पडतो असं दिसलं, त्यावर पुठ्ठ्याचं खोकं झाकून बघितलं तर पडणं कमी झालं. नऊ दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं: खोकं कुठल्या बाजूने उघडं ठेवलं होतंस?

दहा दिवसांत काही आलं नाही तर एकदा आठवण करा. एकदाच. मग पुढचं दार.

सातवी पायरी: परीक्षा आणि पैसा

हे पटकन. एम.एस्सी.साठी जॅम. पीएच.डी.साठी नेट, गेट, जेस्ट, यातली जी संस्था जी मागेल ती. शक्यतो दोन द्या. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ₹ ३७,००० आणि नंतर ₹ ४२,०००, वर घरभाडं भत्ता. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरून चाला. घरी "एवढी वर्षं शिकणारच का?" असं विचारतील, तेव्हा हा आकडा सांगा: शिकायचे पैसे मिळतात, भरावे लागत नाहीत. माझ्या वडिलांना तेवढ्याने पटलं होतं.

आणि "तीन महिन्यांत क्वांटम तज्ज्ञ" अशा प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका. निवड समितीत बसल्यावर आम्ही ती उलटून पुढे जातो.

आठवी पायरी: लॅबमधला पहिला आठवडा

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. लेसरच्या वाटेत चमकदार धातू आला तर किरण कुठेही उसळतो. ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला अगदी फिका लाल दिसतो, ८१० चा तर दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि डोळ्याचा पडदा जळतो. त्या लेसरच्या तरंगलांबीचाच चष्मा लागतो, कुठलाही रंगीत चालत नाही. सगळ्यात धोक्याचा क्षण कुठला? खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकतो तो, कारण डोळा बरोबर किरणाच्या पातळीतून जातो. डोळे मिटून किंवा किरणाकडे पाठ करून वाका.

द्रव नायट्रोजनची गंमत सगळ्यांना आवडते. एक लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, तो ऑक्सिजनला बाजूला ढकलतो, आणि त्याला वास नाही, रंग नाही. त्याचं भांडं लिफ्टमध्ये ठेवून स्वतः लिफ्टमध्ये कधी चढायचं नाही. भांडं एकटं पाठवायचं आणि दुसऱ्याने वर घ्यायचं. पँट बुटाच्या आत खोचू नका.

वही पेनाने लिहा, तारखेसकट, चुकलं तर एक रेघ मारून. मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी तीन आठवडे एका खरखरीमागे घालवले. सिग्नलवर ५० हर्ट्झची लाट, अगदी विजेच्या मुख्य पुरवठ्याची. केबल बदलल्या, अँप्लिफायर बदलला, गाइडना दोष दिला. शेवटी वही मागे चाळली, तर खरखर सुरू झाली त्याच तारखेला मीच लिहिलं होतं: "लॅपटॉपचा चार्जर आता खिडकीजवळच्या सॉकेटमध्ये." दोन वेगळ्या सॉकेटच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. चार्जर उपटला, खरखर गेली.

पहिला महिना काहीही चालणार नाही. सीनिअरला रोज तेच विचारू नका. आधी वीस मिनिटं स्वतः शोधा, मग काय-काय करून पाहिलं ते सांगून विचारा. चहाला मात्र रोज जा, कारण कुठला पंप कधीपासून कुरकुरतोय ही माहिती कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसते, ती चहाच्या टपरीवर मिळते.

आणि स्वेटर न्या. लॅब वर्षभर २१-२२ अंशांवर असते, नाहीतर आरसे हलतात. इंदुरात मे महिन्यात बाहेर ४२ असताना हातात स्वेटर घेऊन निघालात की शेजारच्या काकू विचारतील, "काय रे, बरं नाही का?" त्यासाठी घरून पाच मिनिटं आधी निघा.